मास्तरने 'हिंदू' कापली

काल साडेनऊला कट्ट्यावर पोचलो तर आधीच जुंपलेली. का, तर मास्तरने 'हिंदू' कापली, भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी. रागाने नाही हां, ब्लेडने, शिवणीवरून व्यवस्थित तीन तुकडे, प्रत्येकाला खाकी कव्हर आणि वर बॉलपेनने १, २, ३. सहाशे पानांचं धूड लोकलमध्ये उभ्याने एका हातात धरून मनगट भरून येतं म्हणे.

पाटील यावलकडचा, नेमाड्यांचं सांगवी त्याच तालुक्यातलं, तो असला चवताळला की अर्धा कटिंग पँटवर. "पुस्तकंय का पाव रे?"

"कापली म्हणून वाचून तरी झाली," मास्तर थंड. "तुमच्या शोकेसमधल्या अखंड आहेत सगळ्या."

सोन्या १४० पानांवर थांबलेला, आणि त्याचं त्याला काडीचं वाईट वाटत नाही. "खंडेराव मोहेंजोदडोला उकरत बसलाय, बाप सिरियस म्हणून निघतो, मी म्हटलं आता पोचेल मग पोचेल, तर ह्याला सगळं खानदान आठवायला लागलं! त्यांची आधीची कादंबरी 'झूल' ७९ची, ही २०१०ला, एकतीस वर्षं लोकांनी वाट बघितली, मग कात्री लावायला कोण धजावणार?"

"तुला त्यांची 'कोसला' आवडते ना?"

"ती संपते रे."

पाटील म्हणे ती पंचविशीतल्या पोराची, ती पळते, इथे खंडेरावाचं अख्खं गाव, मोरगाव, सोबत घेऊन चालायचंय. "आमच्याकडे मयतीला बायका बसतात ना, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू, आणि विषय कुठला तर तिसरीच्या सासूच्या गोठ्याचा. तिथे काय एडिटर बसवतोस?"

ह्यावर सोन्या गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही, वडापाव आला म्हणून.

मला विचारलं तेव्हा मी आपला "भारी आहे, पण..." करून सुटलो. खरं सांगायचं तर दीड वर्ष लागलं, त्यात सात महिने ती नुसती उशाशी, आणि शंभरेक पानं मी सरळ उडवलीत, हे पाटलाला अजून माहीत नाही. कंटाळा यायचा राव, एवढी माणसं, कोण कुणाचा तेच विसरायला व्हायचं. पण गेल्या मे महिन्यात गावचं घर रिकामं करताना माळ्यावरून काचा फुटलेला कंदील, तळ गेलेली घागर, जात्याची एकच तळी असं निघत गेलं, आणि काका प्रत्येक वस्तूला "राहू दे, लागेल कधीतरी". जात्याची एक तळी कशाला लागणार? तेव्हा 'हिंदू'च्या नावातलं ते 'जगण्याची समृद्ध अडगळ' डोक्यात वाजलं. (त्या अडगळीवरून तेव्हा केवढा गदारोळ झालेला, त्यातल्या किती जणांनी पुस्तक उघडलेलं देव जाणे.) म्हणून घरी येऊन ती शंभर पानं वाचली का? नाही.

"आणि म्हणे चार कादंबऱ्यांतली ही पहिलीच," सोन्या तोंड पुसत म्हणाला. "मास्तर, ब्लेडचं अख्खं पाकीटच आणून ठेव." आणि मास्तरच्या पिशवीतला २ नंबर स्वतःच काढून चाळायला लागला.

"अरे, आधी १ तर संपव!"

"त्यात तो पोचतच नाही. मधूनच चढतो."

पाटील बराच वेळ नुसता बघत होता. मग हळूच, "३ नंबर दोन दिवस दे रे मास्तर. माझी कॉपी गावीये."