माइल्स डेव्हिसचं पॅरिसमधलं चित्रपटसंगीत: खुलासा

फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या ‘आसांसर पूर लेशाफो’ या चित्रपटाचं संगीत अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने काहीही तयारी न करता वाजवलं, असा संदेश फिरतो आहे. हे अर्धंच खरं. डिसेंबर 1957मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत, पडद्यावरचे प्रसंग बघत सुरावटी उत्स्फूर्त सुचल्या, हे बरोबर. पण चित्रपट त्याने आधीच पाहिला होता आणि मोजक्या कॉर्ड्सचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचे) आराखडे सोबत आणले होते.

या संगीताच्या जुन्या रेकॉर्डवरचा घुमारा (प्रतिध्वनीसारखा परिणाम) म्हणजे झिजलेली तबकडी, हेही चूक. तो प्रकाशनाच्या वेळी मुद्दाम मिसळला होता. 26 ट्रॅकच्या सीडीवर मूळ रेकॉर्डचे 10 ट्रॅक घुमाऱ्यासह आहेत, बाकीचे 16 कोरडे, म्हणजे घुमाऱ्याविना. साथीदार पिएर मिशलोचा बास आणि केनी क्लार्कचे ड्रमवरचे ब्रश स्पष्ट, वेगवेगळे ऐकायचे तर हे कोरडेच लावा. फार सुंदर आहेत.