नव्वद दिवसांची चिठ्ठी आणि आपला सी-फॉर्म

"परदेशी माणसाला फ्लॅट द्यायचाच नाही," असं खारघर-तळोज्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या सभांत ठासून सांगितलं जातं. त्यावर मालकांचं म्हणणं ठरलेलं: भाडं वेळेवर येतंय, पोलिसांचं एजंटने बघितलंय, मग तुमचं काय जातं? बँकॉकमध्ये राहून हा वाद ऐकला की एक गोष्ट खटकते. नेमका कोणता कागद, कोणी, किती दिवसांत भरायचा हे दोन्हीकडचं कोणीच बोलत नाही. इथे परदेशी आपण आहोत, आणि आपलं राहणं त्याच कागदावर अवलंबून आहे.

थायलंडच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे सलग 90 दिवसांहून जास्त राहणाऱ्याने आपला पत्ता कळवायचा, आणि पुढे दर 90 दिवसांनी तेच करायचं. फॉर्म टीएम 47. ऑफिसात जाऊन देणार असाल तर तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत चालतो. ऑनलाइन मात्र तारखेच्या आधीच भरावा लागतो. पोस्टाने पाठवायचा तर रजिस्टर करून, 15 दिवस आधी, आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि 10 बाथचं तिकीट लावलेलं पाकीट घालून.

चूक होते ती मोजण्यात. लोक तीन महिने धरतात, नियम दिवस धरतो. 1 जुलैला उतरलात तर तो पहिला दिवस, आणि नव्वदावा येतो 28 सप्टेंबरला. ऑक्टोबरची पहिली तारीख डोक्यात ठेवून बसलेला माणूस सवलतीच्या सात दिवसांमुळे 5 ऑक्टोबरपर्यंत वाचतो, आणि आपला हिशोब बरोबर आहे असं समजून पुढच्या वेळी अडकतो.

उशीर झाला आणि स्वतःहून गेलात तर 2,000 बाथ दंड, पावती, काम संपलं. पोलिसांनी पकडलं तर कायदा 5,000 पर्यंत दंड आणि वर दिवसाला 200 पर्यंत आकारू देतो. नव्याने आलेल्यांची यापेक्षा महाग पडणारी चूक म्हणजे हा रिपोर्ट दिला की व्हिसाही वाढला असं समजणं. व्हिसाची मुदत वेगळी. ती उलटली तर दिवसाला 500 बाथ, कमाल 20,000. आणि 90 दिवसांहून जास्त उलटली असेल तर विमानतळावर स्वतःहून हजर झालात तरी वर्षभर प्रवेशबंदी.

गणपतीला घरी जाऊन आलात की नव्वद दिवस पुन्हा एकपासून सुरू होतात. पण निघण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घेतलं नाही तर वाढवून घेतलेली मुदतच रद्द होते. एका फेरीचं परमिट 1,000 बाथ, अनेक फेऱ्यांचं 3,800.

आता घरमालकाचा भाग, जो ठाणेकरांनी नीट वाचावा. परदेशी भाडेकरू आला की 24 तासांत टीएम 30 हा फॉर्म भरून कळवणं ही मालकाची जबाबदारी, आणि न भरल्यास 2,000 बाथपर्यंत दंडही त्यालाच. प्रत्यक्षात मालक विसरतो आणि भाडेकरूचं काम काउंटरवर अडतं. मग दंड निमूटपणे भाडेकरूच भरतो.

आपल्याकडे हेच सी-फॉर्मबद्दल होतं. परदेशी पाहुणा किंवा भाडेकरू आल्यापासून 24 तासांत मालकाने हा फॉर्म ऑनलाइन भरून कळवायचं असतं. हे फक्त हॉटेलांना लागू आहे असं अजूनही कित्येकांना वाटतं. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करायची, आणि तिथे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच सी-फॉर्म मागतात. मालकाने भरलेला नसला की चौदा दिवस त्याच्याच मागे धावण्यात जातात. 'पोलिसांचं आम्ही बघतो' असं म्हणणारा एजंट बहुतेक वेळा साध्या भाडेकरू पडताळणीबद्दल बोलत असतो. ती वेगळी, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी वेगळी आणि सी-फॉर्म वेगळा.

1 सप्टेंबर 2025 पासून भारतात नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. मुदतीहून जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आकडे ऐकून सभेत टाळ्या पडत असतील, पण माणूस वेळेवर येतो तो तारीख समोर असल्यामुळे. इथे बँकॉकला काउंटरवरचा माणूस पासपोर्टच्या पानाला एक छोटी चिठ्ठी स्टेपल करून देतो. तिच्यावर पुढची तारीख छापलेली असते. पासपोर्ट उघडला की ती आधी दिसते.

तरीही नव्वद दिवसांची पद्धत आपण उचलू नये असंच माझं ठाम मत आहे. ज्याचा पत्ता, नोकरी, फोटो सगळं सरकारकडे आहे, त्याला वर्षातून चारदा तेच लिहायला लावून काय हाती लागतं? दहा वर्षांच्या एलटीआर (दीर्घकाळ राहण्याच्या) व्हिसावाल्यांना थायलंडनेच वर्षातून एकदा कळवायची सूट दिली आहे. एकदाच नोंदणी आणि पत्ता बदलला तर पुन्हा कळवणं, ही आपली रीत जास्त शहाणपणाची आहे. तिला चिठ्ठीची जोड हवी, आणि मालकाचा दंड मालकानेच भरायला हवा.

सोसायटीने सरसकट बंदी घातली की ज्याचे कागद चोख आहेत तोही नोंद न करणाऱ्या मालकाच्या दारात जातो. त्याऐवजी सेक्रेटरींनी चावी देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: पासपोर्ट-व्हिसाच्या पानांची प्रत, देशात उतरल्याचा शिक्का आणि भरलेल्या सी-फॉर्मची प्रिंट. शिक्क्यावरची तारीख बघून नोंदणीची शेवटची तारीख तिथेच काढावी आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबरसमोर लिहावी. तीच तारीख एका कागदावर लिहून भाडेकरूच्याही हातात द्यावी.