गिअर लिव्हर 'आवळून दिलाय' म्हणजे दुरुस्ती नव्हे!

तीन वेळा! बाइकच्या एका गिअर लिव्हरपायी गाडी तीन वेळा गॅरेजला नेली आणि तिन्ही वेळा तेच ऐकून आलो, "काही नाही हो, बोल्ट ढिला झाला होता, आवळून दिलाय." चार दिवस बरे जातात, पुन्हा पाय ठेवला की लिव्हर डुगडुगतोय. परवा तर चढावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि लिव्हर शाफ्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या ज्या दांड्यावर तो बसतो त्यावर, नुसताच फिरला. गिअर तिसऱ्यातच. इंजिन गचके खातंय, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि लिव्हर जमिनीकडे तोंड करून लोंबतोय. एखादा पडला असता तिथे!

शेवटी स्वतःच खोलला. 10 नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून आरपार जातो. लिव्हर हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. शाफ्टच्या दात्यांत अडकणारे त्याच्या भोकातले दाते घासून गुळगुळीत झालेले, बोट फिरवलं तरी लागत नव्हते. आणि ज्या फटीमुळे लिव्हर शाफ्टला चिमट्यासारखा पकडतो, ती फट पार मिटलेली! फटीच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या एकमेकींना टेकल्या की बोल्ट कितीही आवळा, लोखंडावर लोखंड दाबलं जातं, शाफ्टला पकड शून्य. मग तीन वेळा काय आवळलं यांनी? दात्यांत वाळून दगड झालेला चिखल तसाच होता. म्हणजे एकदाही कुणी लिव्हर उतरवून बघितलाच नाही!

वर सल्ला काय, तर "वेल्डिंगचा टाका मारून घ्या, कायमचं काम होईल." अरे, त्या शाफ्टच्या मागेच इंजिनातलं ऑइल अडवणारं रबरी ऑइल सील असतं! ते तापून गेलं की ऑइल गळायला लागणार. उद्या चेन स्प्रॉकेटसाठी कव्हर काढायचं तर आधी लिव्हर कापायचा. त्यात शाफ्टचे दाते गेले तर अनेक गाड्यांत क्लचची बाजू उघडल्याशिवाय शाफ्ट निघत नाही. एवढ्याशा लिव्हरसाठी इंजिन खोलायचं? लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये पत्र्याची पट्टी घालून घरापर्यंत येणं मी समजू शकतो, रस्त्यात अडकलेला माणूस दुसरं काय करणार. पण टाका? मुळीच नाही.

माझ्या शाफ्टचे दाते शाबूत निघाले, हे नशीब. तारेच्या ब्रशने घासून पुसले, त्याच दात्यांचा नवा लिव्हर बसवला, बोल्टही नवा घातला. एवढ्याशा 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो, त्यावर अंगाचा भार टाकून आटे मारायची गरज नसते. आधी तेच केलं होतं, जुन्या बोल्टचे आटे ताणलेले दिसतात. ज्यांच्या गाडीत लिव्हरपासून शाफ्टपर्यंत दांडी असते, त्यांनी दांडीच्या टोकांचे बॉल जॉइंट आधी हलवून बघा. ढिलाई पुष्कळदा तिथेच असते आणि बिचारा बोल्ट उगाच मार खातो.

जुना लिव्हर फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पुढच्या सर्व्हिसिंगला त्यांच्यासमोर ठेवणार आणि विचारणार, तीन वेळा पैसे घेतलेत ते नेमकं काय आवळायचे?