अडाणी बुटक्याचं अगाध ज्ञान

पुलाखालून ट्रोल बाहेर येतो. धिप्पाड, हिरवट, हात पार गुडघ्यांच्या खाली लोंबणारे. तुमचा बुटका खाणीत जन्मला, खाणीत वाढला, त्याला लिहिता-वाचता येत नाही आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो डोंगर उतरून खाली आलाय. ट्रोल हा शब्दसुद्धा त्याच्या कानावर कधी पडलेला नाही. अशा वेळी त्याने काय करावं? खांद्यावरची कुऱ्हाड शांतपणे खाली ठेवावी आणि कंदिलातलं तेल काढायला घ्यावं. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, म्हणजे डीएमने, "हे काय मध्येच?" असं विचारलंच, तर निरागस चेहऱ्याने सांगावं, "काही नाही, जरा गारठा वाटतोय."

हे वाचून ज्यांना हसू आलं ते आपल्याच टेबलावरचे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून बाहेर आला. एक जण डीएम होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि अडलं की फासा टाकतात. या खेळातल्या ट्रोलच्या जखमा आपोआप भरून येतात. २०१४ सालच्या आवृत्तीत त्याला साधारण ८४ हिट पॉइंट, म्हणजे जीव, असतात आणि दर फेरीला १० परत मिळतात. आग किंवा ॲसिड लागलं तरच पुढच्या फेरीपुरतं ते थांबतं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना हे पाढ्यासारखं पाठ असतं आणि त्यांच्या पात्रांना याचा गंधही नसतो. खेळाडूला ठाऊक ते वेगळं आणि पात्राला ठाऊक ते वेगळं, असं सोवळं पाळणारे काही लोक आहेत. ते मोडलं की ते त्याला 'मेटागेमिंग' म्हणतात आणि नाकं मुरडतात. त्यांच्या नादी लागू नका.

सुरुवात पात्र बनवतानाच करा. सहा गुणांसाठी सहा आकडे मिळतात: १५, १४, १३, १२, १०, ८. यातला ८ कुठे टाकायचा हे काय सांगायला हवं? बुद्धीत. बुद्धी तुमची स्वतःची आहे, घरून आणलेली, फुकटची. तिच्यावर पात्राचे आकडे कशाला खर्च करायचे? ताकदीत १५ टाका, कारण कुऱ्हाड काही तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही. मग हाच आठ बुद्धीचा रेडा भर दरबारात वेद बोलू लागला, राजाला करप्रणाली समजावून सांगू लागला आणि बंदुकीच्या दारूसाठी गंधक, सोरा नि कोळसा कुठे मिळेल याची बाजारात चौकशी करू लागला, तर कुणी हरकत घ्यायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या रेड्याला कुणी त्याचे आकडे विचारले होते का?

कुणी खोदून विचारलंच तर आजी पुढे करा. पात्राच्या पूर्वेतिहासात एक आजी असलीच पाहिजे. आई-वडील मेलेले चालतात, बहुतेकांचे मेलेलेच असतात, पण आजी हवी. ही आजी खाणीच्या तोंडाबाहेर कधी पडली नाही, तरी वेअरवुल्फला चांदीचं हत्यार लागतं, मेड्यूसाच्या डोळ्यांत बघायचं नसतं, व्हॅम्पायरला वाहतं पाणी आणि ऊन सोसत नाही, हे सगळं तिने नातवाला चुलीपाशी बसवून सांगितलेलं असतं. आमच्या टेबलावर एक आजी होती, तिला ड्रॅगनच्या रंगावरून तो तोंडातून काय ओकणार हे कळायचं. काळा असला तर ॲसिड, निळा असला तर वीज. इतकं शिकलेली बाई खाणीत का कुजली, हा प्रश्न डीएमला पडला होता, पण त्याने तो गिळला. भला माणूस आहे.

मराठी खेळाडूला मात्र एका ठिकाणी खरी आजी दगा देऊ शकते. हे मी स्वानुभवावरून सांगतोय. या खेळात 'राक्षस' नावाचाच एक प्राणी आहे, १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून. डीएमने नाव उच्चारताच मी खुर्चीत सरसावून बसलो. राक्षस! हा तर घरचा विषय. टेबलावरच्या कुणाहीपेक्षा मला त्याची जास्त माहिती. मी पार्टीला, म्हणजे सोबतच्या पात्रांना, विश्वासात घेतलं, कुंभकर्णाचा दाखला दिला आणि जेवणाचा मोठा बेत आखून त्याला सुस्त करायची योजना मांडली. सुस्त झाला की माझा जादूगार त्याला मंत्राने झोपवणार होता. समोर आला तो वाघाच्या तोंडाचा, उंची झगा घातलेला, हाताचे तळवे उलटे असलेला कुणी रईस. त्याने जेवणाला नकार दिला. सहाव्या पातळीपर्यंतचा कुठलाही मंत्र त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध लागूच होत नाही, हे मला मंत्र टाकल्यावर कळलं. त्यानंतर वीस मिनिटं मी डीएमशी रामायणावर वाद घातला. तोवर राक्षस थांबला होता. फार सुसंस्कृत निघाला.

आता फाशांकडे येऊ. गावचा पाटील सांगतो, "खाणीत काही धोका नाही, बिनधास्त जा." तुम्हाला संशय येतो. डीएम म्हणतो, इनसाइट टाका, म्हणजे समोरच्याचं मन ओळखायचा फासा. वीस बाजूंच्या फाशावर पडतात ३, म्हणजे नापास. डीएम म्हणतो, "माणूस प्रामाणिक दिसतोय." इथे तुमच्या पात्राला पाटील देवमाणूस वाटला पाहिजे, कारण फासा तेच सांगतोय. तुम्ही मात्र ताबडतोब तलवार उपसा. पडले असते १८ आणि डीएम तेच वाक्य बोलला असता, तर पाटलाला तुम्ही मिठी मारली असती. पाटील तोच, वाक्य तेच. खजिन्याच्या दारातही असंच. पार्टीतल्या चोराने सापळा शोधायला फासा टाकला, २ पडले, "काही दिसत नाही" असं उत्तर आलं, की बाकीच्या चौघांनी एका सुरात म्हणायचं, "मीपण बघतो!" फासा वर गेला असता तर हेच चौघे खुशाल दार ढकलून आत शिरले असते. 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही नतद्रष्टांनी अशा तपासण्यांचे फासे डीएमने गुपचूप टाकायची सोय करून ठेवली आहे. अशा टेबलावर पाऊल ठेवू नका. आकडाच दिसणार नसेल तर माणसाने विश्वास ठेवायचा कशावर?

मैत्रीलाही विसरू नका. तुमचा सोबती दोन दारं आणि एक भुयार पलीकडे बेशुद्ध पडलाय. तीन वेळा फासा फसला की तो मेला, दोनदा फसून झालाय. तुमचं पात्र त्या क्षणी गुत्त्यात बसून गाणी ऐकतंय. अचानक त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी लवते. हातातला पेला टाकून ते धावत सुटतं, वाटेत कुणाला रस्ता न विचारता बरोबर त्या भुयारापाशी पोचतं आणि औषधाची कुपी सोबत्याच्या तोंडाला लावतं. अंतःकरणाची ओढ, दुसरं काय! ज्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मेंढीकोट खेळण्यात गेल्या, त्यांना हे शिकवावं लागत नाही. हुकूम कोणता ते भिडूला कळवायला खाकरायचं कसं आणि कान कुठला खाजवायचा, याचं शिक्षण आपल्याकडे घराघरांत होतं. आमच्यातला एक जण अजूनही खाकरतो, टेबलावर उघड बोलायला कुणाची बंदी नसताना.

आणि जिलेटिनस क्यूब? पारदर्शक लिबलिबीत ठोकळा, प्रत्येक बाजू बरोबर १० फूट. दहाच का? कारण जुने नकाशे आलेखाच्या कागदावर काढत आणि एक चौकोन म्हणजे १० फूट धरत. हा प्राणी बोळात चपखल बसावा म्हणूनच जन्माला आला. त्यामुळे बोळ बरोबर १० फूट रुंद आहे, असं डीएम म्हणाला की तुमच्या बुटक्याने हातातली काठी पुढे ढोसत चालावं. आपण आलेखाच्या कागदावर राहतो, हे त्याला कळून चुकलेलं असतं. असलं आत्मज्ञान ऋषींनाही सहजी होत नाही. काठीही १० फुटीच घ्या. पाच तांब्याच्या नाण्यांत मिळते.

या विद्येला शत्रू फार पूर्वीपासून आहेत. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने १९७९ च्या डीएमसाठीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सरळ लिहून ठेवलंय की, हा ग्रंथ जवळ बाळगणारा खेळाडू सन्मानाच्या मरणालाही लायक नाही. कुणी त्यातलं ज्ञान खेळात पाजळलंच, तर ते त्याला कुणा पंडिताकडून मिळालं असं समजावं आणि त्या सल्ल्याची फी म्हणून त्याच्याकडची एखाद-दुसरी जादूची वस्तू काढून घ्यावी, असाही तोडगा त्याने सुचवलाय. १९८४ च्या 'पॅरानोइया' या खेळाने तर कहर केला. तिथे नियम माहीत आहेत हे खेळाडूने नुसतं दाखवलं तरी तो राजद्रोह ठरतो. आपल्या ओळखीतले किती जण पहिल्या दहा मिनिटांत फासावर जातील, हे मोजायला मी बसलो होतो. सगळेच.

तरीही तुम्हाला सोवळंच पाळायचं असेल तर निदान वाजतगाजत पाळा. तुमची जादूगारीण पहिल्या दिवसापासून दिसेल त्यावर आगीचा बाण सोडत आलीये. वटवाघूळ दिसलं, बाण. बंद दार दिसलं, बाण. एकदा तर भाकरी भाजायलाही. पण ट्रोल समोर येताच तिला आगीची आठवण राहता कामा नये. तिने चाकू काढावा आणि तुम्ही टेबलाभोवती सगळ्यांकडे बघत म्हणावं, "माझ्या पात्राला माहीत नाही ना!" असे पाच वार वाया जाऊ द्या. ट्रोलला आग चालत नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं, तर तिने रोजच्यासारखा बाणच सोडला असता आणि ट्रोल तिथेच मऊ पडला असता. पण मग तुमचा त्याग कुणाला दिसला असता?

कुणी शहाणा म्हणेल, अरे, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही फुरसं ओळखता येतं. ट्रोलच्या मुलखात हयात गेलेल्या माणसाला आगीचं ठाऊक असेलही, आणि खाणीतल्या बुटक्याला नसेलही. डीएमला विचार, एक फासा टाक, पाच सेकंदांत निकाल. म्हणूनच विचारू नका. पाच सेकंदांत मिटण्यासारख्या गोष्टीवर पाऊण तास भांडण्यात जो आनंद आहे, त्याला मुकाल.

डीएमलाही ही विद्या वर्ज्य नाही. पार्टी चाळीस मिनिटं कुजबुजत बेत ठरवते की मागच्या दाराने शिरायचं. तुम्ही आपली टिपणं लपवायच्या पडद्याआड भडंग खात सगळं ऐकता. मग मागच्या दारात सतरा गॉब्लिन उभे असावेत, हा निव्वळ योगायोग.

आमचा डीएम मात्र तसा नाही. त्याचा पडदा एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा आहे, आमच्या बाजूला गणपती आणि 'आपले नम्र' दिसतं. गेल्या शनिवारी रात्री त्याने पुलाखालून ट्रोल काढला आणि मी वर सांगितल्याप्रमाणे कंदील उघडला. तेल ओतलं, चकमक झाडली. पडद्यामागे पेन्सिलीने काहीतरी खोडल्याचा आवाज आला.

"ट्रोल पेटतो," तो म्हणाला, "आणि त्याला बरं वाटतं. जखमा भरून येतायत. तो आणखी तेल मागतोय."

मी मोबाइल काढला. "पुस्तकात असं नाहीये!"

"असेल. तुझ्या बुटक्याला वाचता कुठे येतं?"

मी म्हटलं, आजीने वाचून दाखवलं होतं.