सामाईक घर आणि सभासद भाव

कोकणात ज्याचं घर नाही त्याचं ओळखीपाळखीत भागतं. ज्याचं आहे, त्यालाच हॉटेल लागतं. सातबाऱ्यावर सव्वीस नावं, माजघरात तेरा गाद्या आणि परसात एकच न्हाणीघर अशी ज्याच्या इस्टेटीची स्थिती, त्या चाकरमान्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत त्या घरात स्वतंत्र जागा असते ती एकट्या गणपतीला. मग शेजघरातून सूचना येते की, विसर्जनानंतर दोन रात्री तरी माणसासारखं कुठेतरी राहूया. कर्ता पुरुष मोबाइल घेऊन, रेंज शोधत, गडग्यावर जाऊन बसतो. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

मालवणच्या बाजारात हाच माणूस बांगड्याचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय पिशवी उघडत नाही. हॉटेलच्या पडद्यावर आठ हजार दोनशे दिसले की मात्र निमूटपणे कार्डाचा नंबर घालतो. त्या खोलीलाही कल्ला असतो. उचलून बघायचा एवढंच.

पहिली गोष्ट, साखळी हॉटेलातल्या खोलीला एक भाव नसतो. त्याच दिवशी, त्याच खोलीला चार-पाच भाव असतात: रद्द करता येणारा, पैसे परत न मिळणारा, साखळीच्या सभासद योजनेत नाव घातलेल्या सभासदाचा, कंपनीचा, जेवणासकटचा. त्यातला जेवणाचा भाग अक्षरांत लपवलेला असतो. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ. कोकणात एमएपी घेणाऱ्याबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटते. समोर समुद्र, शंभर पावलांवर खानावळीत सुरमईची थाळी आणि सोलकढी, आणि हा आत बुफेच्या रांगेत पनीर आणि थंडगार बासा वाढून घेतोय, कारण पैसे आधीच भरलेत. सीपी घ्यावा. नाश्त्याला माणूस खोलीच्या भावातले निदान चारशे रुपये वसूल करू शकतो. सासरे बरोबर असतील तर सहाशे.

दुसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर एक रुपया गेला की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भावात शंभराचा फरक, खिशात एक हजार त्र्याण्णवचा. ॲपवर मोठ्या अक्षरांत कर सोडून भाव असतो, बारीक अक्षरांत 'अधिक कर'. सात हजार सहाशेचा भाव दिसला की फोन करून शंभर रुपये कमी करायला सांगणं हा चिक्कूपणा नाही, अंकगणित आहे. रिझर्व्हेशनवाल्यालाही ते कळतं, कारण त्या हजारातला एक पैसाही हॉटेलला राहत नाही. नाश्ता धरून भाव साडेसातच्या वर जात असेल, तर नुसत्या खोलीचा भाव किती आणि नाश्ता खाली जाऊन केला तर किती, हेही विचारून ठेवावं.

भाव ठरवतं ते संगणकातलं एक गणित. खोल्या किती भरल्या, किती दिवस उरले, शेजारी काय घेतात, असं सगळं बघून ते दिवसातून कितीही वेळा रंग बदलतं. शुक्रवार-शनिवार चढलेला भाव रविवारी रात्री उतरतो. अलिबागला तर जेट्टीवरच्या परतीच्या रांगेबरोबरच उतरतो. ज्याला सोमवारी रजा मिळते तो माणूस खरा श्रीमंत. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत घरी राहावं, न्हाणीघराची रांग परवडते.

पण या गणितालाही कोकण पुरतं कळलेलं नाही. गणपतीपुळ्याला अंगारकी कधी हे ते आता शिकलंय, संकष्टी मंगळवारी आली की भाव आधीच ताठ असतात. आंगणेवाडीच्या जत्रेचं मात्र त्याला काही करता येत नाही. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीच्या कौलाने ठरते. कौल होईपर्यंत सगळ्या तारखा सारख्या, आणि तारीख जाहीर झाली की मालवण-कणकवलीतल्या खोल्या बघता बघता संपतात. जत्रेला जायचंच असेल तर तारीख कळताच, आधी खोली आणि मग नातेवाइकांना फोन. बहुतेक जण उलट करतात आणि मग त्या नातेवाइकांकडेच उतरतात.

पावसात भाव पडतात हे खरं. पण जून-जुलैत मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, तारकर्लीचं स्कुबा बंद. पागोळ्यांचा आवाज ऐकत पडून राहायचं असेल तर याहून स्वस्त आणि चांगला काळ नाही. मुलांना वॉटर स्पोर्ट्सचं आश्वासन देऊन नेणार असाल, तर वाचलेले पैसे त्यांची समजूत काढण्यात जातील.

आता बुकिंगचा क्रम. आधी रद्द करता येणारा भाव घेऊन खोली अडकवून ठेवायची. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या किती मिनिटांत भरतात ते सर्वांना ठाऊक आहे. तिकीट हातात येण्याआधी 'पैसे परत नाहीत' वाली खोली घेणं म्हणजे तत्काळ कोट्यावर संसार करणं. तिकीट झालं की दर आठवड्याला तोच भाव पुन्हा बघायचा. उतरला असेल तर नवीन बुकिंग करायचं, त्याचा ई-मेल येऊ द्यायचा, आणि मगच जुनं रद्द करायचं. आधी जुनं रद्द करणाऱ्याच्या वाट्याला 'खोल्या शिल्लक नाहीत' ही पाटी येते. फुकट रद्द करायची मुदत एरवी चोवीस ते बहात्तर तासांची असते, सणासुदीला ती पंधरवड्यापर्यंत मागे सरकते. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहावी, मोबाइलवर लिहून कोणी बघत नाही.

बुकिंगच्या ॲपवर स्वस्त दिसतं तेव्हा तिथला स्क्रीनशॉट घ्यायचा आणि थेट हॉटेलला फोन लावायचा. टोल-फ्री नंबरवर नाही. तो गुरगावात वाजतो, तिथल्या माणसाला देवगड कुठे हेही माहीत नसतं. हॉटेलचा स्वतःचा नंबर, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी बारा-एकच्या सुमारास. सकाळची जाणारी मंडळी गेलेली असतात, दोनची येणारी यायची असतात. ॲपवाल्याला हॉटेल साधारण पंधरा ते पंचवीस टक्के कमिशन देतं, तेव्हा हातात थोडी जागा असते. संवाद साधारण असा होतो:

"सर, आमच्याकडे सगळीकडे सेमच रेट आहे."

"रेट असू दे हो. त्याच रेटात नाश्ता बसतो का बघा."

"सर, मॅनेजरना विचारावं लागेल."

"विचारा. आम्ही कुडाळचेच."

हे शेवटचं वाक्य नियमांत कुठेही बसत नाही, तरी बोलून ठेवावं. रोकड भाव कमी करायला रिसेप्शनवरच्या मुलाच्या हातात फारसं नसतं. नाश्ता, लहान मुलाची गादी, खोलीचा लवकर ताबा (चेक-इन), उशिरा सुटका (चेक-आउट) हे मात्र असतं. तेच मागावं.

मोठ्या साखळ्या 'आमच्याच साइटवर सर्वांत कमी भाव' अशी हमीही देतात. मॅरियटची हमी अशी की त्यांच्याकडे बुक केल्यावर चोवीस तासांत दुसरीकडे कमी भाव दाखवला, तर तो भाव देऊन वर २५ टक्के सूट किंवा ५,००० पॉइंट, म्हणजे सभासदाच्या खात्यात जमणारे आणि पुढे खोलीसाठी उडवता येणारे गुण. ऐकायला हे इतकं गोड वाटतं की माणूस रात्रभर शोधत बसतो. अडतं ते बारीक अटींत. खोलीचा प्रकार तोच हवा, तारखा त्याच, माणसं तितकीच, रद्द करायच्या अटी त्याच आणि भाव कोणालाही दिसणारा हवा. इकडे 'डिलक्स गार्डन' आणि तिकडे 'डिलक्स' एवढ्यावरून दावा फेटाळला जातो. ॲपवरचा भाव पैसे परत न मिळणारा असेल तर त्याची तुलना आपल्या रद्द करता येणाऱ्या भावाशी होत नाही. बहुतेक दावे इथेच बुडतात.

सभासद व्हायला पैसे पडत नाहीत आणि सभासदाचा भाव थोडा कमी असतो, म्हणून व्हावं. अडचण एवढीच की अलिबाग सोडलं तर महाराष्ट्राच्या कोकणात मोठ्या साखळ्यांची हॉटेलं बोटांवर मोजण्यासारखी. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलची चर्चा नव्वदच्या दशकापासून चालू आहे आणि चर्चेला खोली लागत नाही. तेव्हा पॉइंट कमवायचे ऑफिसच्या कामाने पुण्या-नागपुरात आणि उडवायचे गोव्यात किंवा अलिबागला, हाच व्यवहार. कंपनीने बुक केलेल्या खोलीवरही आपला सभासद क्रमांक घालता येतो. पैसे कंपनीचे, पॉइंट आपले. फक्त बुकिंग थेट किंवा कंपनीच्या ठरलेल्या भावाने हवं. बाहेरच्या ॲपवरून केलं, तर सहसा पॉइंटही नाहीत आणि रात्रही मोजत नाहीत.

रात्री मोजणं हा या धंद्यातला मानपान आहे. रात्री वाढतील तसा सभासदाचा दर्जा चढतो: मॅरियटकडे वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. पन्नास रात्री चाकरमानी स्वतःच्या घरातसुद्धा सलग झोपलेला नसतो. त्यात एकत्र कुटुंबाने तीन खोल्या घेतल्या आणि एकाने सगळ्यांचे पैसे भरले, तर पॉइंट तिन्ही खोल्यांचे मिळतात, रात्र मात्र एकाच खोलीची धरतात. म्हणून काकांची खोली काकांच्या सभासदत्वावर टाकायची की सगळे पॉइंट एकाच्या खात्यात गोळा करायचे, हा निर्णय घरातच घ्यावा. नवे वाद तिथूनच सुरू होतात, पण निदान सातबाऱ्याचा विषय मागे पडतो.

पॉइंट वापरताना एक भागाकार करायचा. खोलीचा करासह भाव भागिले मागितलेले पॉइंट. समजा खोली ९,००० ला आहे आणि २०,००० पॉइंट मागतात, तर पॉइंटला पंचेचाळीस पैसे आले. पन्नास पैशांच्या खाली मी तरी रोख देईन आणि पॉइंट ठेवीन. तीच खोली लाँग वीकेंडला १६,००० ला आणि पॉइंट २२,००० असतील तर त्र्याहत्तर पैसे, तेव्हा उडवावेत. पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर मॅरियटकडे एक रात्र फुकट पडते. टाटांच्या 'टाटा न्यू' ॲपवरच्या कॉइनला हा भागाकार लागत नाही, एक कॉइन म्हणजे एक रुपया. ताज हॉटेलांचं जुनं सभासदत्व २०२२ मध्ये तिथेच गेलं. पॉइंट जपून मात्र ठेवू नयेत. मॅरियट आणि हिल्टनकडे चोवीस महिने खात्यात काहीच हालचाल नसली की ते मरतात, आणि एरवीही वर्षागणिक त्यांना कमी खोली येते. ते लोणच्यासारखे मुरत नाहीत.

आता प्रत्यक्ष काउंटर. कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते आणि खोलीचा ताबा दुपारी दोनला. परतीची कोकणकन्या रात्री, आणि खोली सोडायची बारा वाजता. म्हणजे दोन्ही दिवशी अर्धा दिवस आपण सामानासकट लॉबीत, फणसाच्या करंडीवर डोळा ठेवून. म्हणून लवकर ताबा आणि उशिरा सुटका या दोन सवलती कोकणात बाकी सगळ्यांपेक्षा मोलाच्या. मॅरियटच्या प्लॅटिनमला चार वाजेपर्यंत खोली ठेवायचा हक्क आहे, पण रिसॉर्टमध्ये तो 'उपलब्धतेनुसार' होतो, आणि समुद्राकाठी बहुतेक सगळंच रिसॉर्ट. तेव्हा हे आदल्या दिवशी फोन करून लिहून घ्यायला लावावं, गाडीची वेळ सांगून. 'सी व्ह्यू'चंही तसंच. 'पार्शल' असं लिहिलं असेल तर दोन माडांच्या मधून, ओणवं होऊन दिसतो तो समुद्र. 'गार्डन व्ह्यू' म्हणजे माड, पोफळी आणि अळू. ते घरी सामाईक का होईना, आहे. त्याच पैशांत वरच्या दर्जाची खोली मिळणं हे त्या दिवशी किती खोल्या रिकाम्या आहेत त्यावर. तिथे सभासदत्वाचं कार्ड पुढे करून मनातल्या मनात गाऱ्हाणं घालायचं: बा सर्व्हरा म्हाराजा, लेकरांका समुद्राकडची खोली गावू दे, नाश्तो भावातच बसू दे, चार वाजेपर्यंत कोणी दरवाजो ठोकूक नको. व्हय म्हाराजा!

माणसं किती आणि मुलांची वयं काय, हे मात्र बुकिंगलाच खरं सांगावं. सहसा पाच-सहा वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत गादीचे पैसे, पुढे पूर्ण माणूस. ओठावर मिसरूड फुटलेल्या मुलाला 'अकरा पूर्ण व्हायचीत' म्हणून उभं केलं की तो स्वतःच आवाज फुटलेल्या सुरात आपलं वय सांगतो, आणि काउंटरवरचा गादीचा भाव बुकिंगच्या भावापेक्षा चढा असतो.

निघताना छापील बिल मागून घ्यावं. त्यावर सभासदाचं नाव आणि क्रमांक आहे का ते बघावं, कारण आठ-दहा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर तक्रारीला तोच कागद लागतो. आणि फ्रिजच्या नोंदी वाचाव्यात. काही हॉटेलांतल्या फ्रिजला सेन्सर असतो. घरून आणलेली सोलकढीची बाटली ठेवायला आतली सरबतं आणि चॉकलेटं काढून टेबलावर मांडलीत, तर तो ती सगळी तुम्हीच संपवली असं धरून चालतो.