आधुनिकतावादी लेखक आधुनिकतेचे भाट नव्हते

सध्या एक पोस्ट भरपूर फिरतेय, साहित्य शिकलेली मंडळीसुद्धा "एकदम क्लिअर मांडलंय" म्हणून पुढे पाठवतायत. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आधुनिकता आणि आधुनिकतावाद एकच, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने बुद्धीला सिंहासनावर बसवलं, जर्मन तत्त्वज्ञ कांटने ते पक्कं केलं, आणि विसाव्या शतकात इंग्रजीतल्या एलियट, जॉइस, वुल्फ या लेखकांनी तोच विचार साहित्यात आणला, म्हणजे विज्ञान, प्रगती, शहर यांचा जयघोष आणि परंपरेला रजा. हे सगळं साहित्यात आलं ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि फ्रेंच विचारवंत ल्योतारने १९७९ च्या पुस्तकात उत्तर-आधुनिकता (आधुनिकतेनंतरची अवस्था) जाहीर केल्यावर दोन्ही गोष्टी एकदमच संपल्या. वाचायला सुटसुटीत आहे, पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकलाय, आणि चूक किरकोळ नाही, कारण हे डोक्यात धरून ती पुस्तकं उघडली की ती चक्क उलटी वाचली जातात.

आधी "एकच आहेत" हे घेऊ. आधुनिकता म्हणजे एक सगळी परिस्थिती, ज्यात नवं विज्ञान आलं, राष्ट्र-राज्य आलं, कारखाना आला, पगार आला, कचेरी आली, आणि तत्त्वज्ञानात "परंपरा सांगते म्हणून नाही, मला पटतं म्हणून" ही भूमिका आली. देकार्तचं पद्धतीवरचं पुस्तक १६३७ चं, कांटचा ज्ञानोदय (युरोपातली अठराव्या शतकातली बुद्धिवादाची चळवळ) म्हणजे काय हा निबंध १७८४ चा, ज्यात तो म्हणतो की स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस कर. आधुनिकतावाद ही त्या परिस्थितीत जगणाऱ्या लेखक-चित्रकार-संगीतकारांची चळवळ, जिचा ऐन भर साधारण १८९० ते १९४० या काळातला. देकार्तचं पुस्तक आणि एलियटची "द वेस्ट लँड" ही दीर्घ कविता (१९२२) यांच्यात २८५ वर्षं आहेत राव! मधे ज्ञानोदय झाला, रोमँटिक कवी झाले, औद्योगिक क्रांती झाली, मार्क्स झाला, नित्शे झाला, हे सगळं गाळून सरळ रेघ कशी मारता येईल?

आणि तत्त्वज्ञानातसुद्धा आधुनिकता कधी एकसुरी नव्हती. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताने १७५० मध्येच लिहून ठेवलंय की विज्ञान आणि कला वाढल्या तशी माणसाची नीती बिघडली. जर्मन तत्त्वज्ञ नित्शेच्या १८८२ च्या पुस्तकातला वेडा माणूस बघा, भर सकाळी कंदील घेऊन बाजारात येतो आणि देवाला आपणच मारलं म्हणून ओरडतो, आणि तो हे सांगतोय कुणाला तर देव न मानणाऱ्यांना, ज्यांना वाटतं देव गेला, बरं झालं, विषय संपला. त्याचा मुद्दा असा की तुम्ही काय करून बसलात हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. आधुनिकतावादी साहित्याचा सूर ज्याला समजून घ्यायचाय त्याने कांटच्या आधी हे पान वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता मुख्य मुद्दा, "विज्ञान, प्रगती, शहर यांचा जयघोष". इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. "द वेस्ट लँड"च्या पहिल्याच भागात लंडन ब्रिजवरून सकाळच्या तपकिरी धुक्यात माणसांचा लोंढा कामाला चाललाय, प्रत्येकाची नजर स्वतःच्या पायांपुढे, आणि चर्चचं घड्याळ नऊचे ठोके देतं त्यातला शेवटचा ठोका मेल्यासारखा वाजतो. नऊ म्हणजे ऑफिसची वेळ. एलियट स्वतः तेव्हा बँकेत नोकरीला होता, ही गर्दी त्याच्या रोजच्या वाटेवरची होती. आणि ती बघून त्याला आठवतात मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेने रंगवलेल्या नरकातले आत्मे, मृत्यूने इतक्या जणांना संपवलं असेल असं वाटलं नव्हतं ही ओळ तिथूनच आलेली आहे. हा शहराचा जयघोष असेल तर मग तक्रार कशाला म्हणायचं?

वुल्फची "मिसेस डॅलोवे" (१९२५) घ्या. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून ठरली आणि हळूहळू जगभरची घड्याळं तिच्या हिशोबाने लागत गेली, वेळ सगळ्यांसाठी एकाच मापाने मोजायची, हे आधुनिकतेचं अगदी लाडकं काम. वुल्फच्या कादंबरीत तेच घड्याळ आहे, बिग बेन, दिवसभर टोल देत राहतं, आणि त्या टोलांच्या मधल्या जागेत माणसं मात्र भलत्याच काळात असतात, क्लॅरिसा फुलं आणायला बाहेर पडते आणि पहिल्याच पानावर अठरा वर्षांची होऊन गावाकडच्या घराची काचेची दारं उघडते. म्हणजे बाहेरचा काळ एक, आतला दुसरा. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १८८९ मध्ये तत्त्वज्ञानातून हेच मांडलं होतं, की घड्याळाने मोजलेला काळ आणि जगलेला काळ एक नाहीत. आणि त्याच कादंबरीत सेप्टिमस आहे, युद्धातून मन मोडून परत आलेला. त्याच्यावर इलाज करणारे सर विल्यम ब्रॅडशॉ हे मोठे नावाजलेले डॉक्टर, त्यांचं दैवत म्हणजे "प्रमाण", सगळं प्रमाणात हवं, रोग्याने विश्रांती घ्यावी, त्याला एकटं ठेवावं, आप्तांपासून दूर न्यावं. बोलणं सगळं शहाणपणाचं, आवाज शांत, आणि शेवटी सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो. बुद्धीच्या नावाने चालणारी सत्ता माणसाचं काय करते याचं यापेक्षा स्पष्ट चित्र मला कादंबरीत दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि पोस्ट म्हणते की ही बाई बुद्धीचा झेंडा घेऊन निघाली होती.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जयघोष करणारे होते, इटलीतले फ्युचरिस्ट. त्यांचा म्होरक्या मारिनेत्ती, त्याचा १९०९ चा जाहीरनामा धावत्या मोटारीला ग्रीक शिल्पापेक्षा सुंदर म्हणतो, म्युझियमं उद्ध्वस्त करा म्हणतो. तेव्हा पोस्टचं वर्णन कुणाला लागू पडत असेल तर यांना. पण यंत्राचं प्रेम म्हणजे ज्ञानोदयाचं प्रेम असं अजिबात नाही, मारिनेत्ती पुढे मुसोलिनीबरोबर गेला. अमेरिकन आधुनिकतावादी कवी एझरा पाउंडने तर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रेडिओवरून फॅसिस्टांच्या बाजूने भाषणं केली. आणि एलियटने १९२८ मध्ये स्वतःच जाहीर केलं की आपण साहित्यात अभिजातवादी, राजकारणात राजेशाहीवादी आणि धर्माने अँग्लो-कॅथलिक (इंग्लंडच्या चर्चमधले, पण जुन्या कॅथलिक परंपरेला धरून असलेले) आहोत. कवितेत इतका नवा आणि राजकारणात राजेशाहीच्या बाजूचा माणूस असूच कसा शकतो, हा प्रश्न त्या पोस्टच्या चौकटीत सुटतच नाही. आधुनिकता आणि आधुनिकतावाद वेगळे धरले की लगेच सुटतो.

"परंपरेला रजा" हे तर एका ओळीत संपतं: जॉइसच्या "युलिसिस"चा सांगाडा होमरच्या "ओडिसी" या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा आहे, आणि "द वेस्ट लँड" संपते ती बृहदारण्यक उपनिषदातल्या "द द द" आणि "शान्तिः"वर. आपल्याकडे मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट लिहिली आणि त्यासाठी ओवी-अभंगाचा घाट घेतला. मोडली ती ताजी, गुळगुळीत झालेली रीत, जुनं तर यांनी उकरून उकरून वापरलंय.

महायुद्धाचं म्हणाल तर युद्धाने सूर काळवंडला हे खरं, पण जन्म तिथला नाही. फ्रेंच कवी बोदलेअरच्या कवितांवर खटला झाला १८५७ मध्ये, पिकासोने "आव्हिन्योंच्या तरुणी" रंगवल्या १९०७ मध्ये, काफ्काची "मेटामॉर्फोसिस" ही कथा लिहून झाली १९१२ मध्ये. बोदलेअरनेच १८६३ मध्ये आधुनिकतेबद्दल लिहिलं की ती म्हणजे क्षणिक, निसटतं, योगायोगाचं, आणि ही कलेची अर्धी बाजू, उरलेली अर्धी चिरंतन. ही ओढाताण पुढे सगळ्या आधुनिकतावादात दिसते.

कुणी म्हणेल मग आधुनिकतावाद म्हणजे आधुनिकतेचा शत्रू का? तसंही नाही. कांटने बुद्धीलाच बुद्धीच्या कोर्टात उभं केलं, तिची हद्द कुठे संपते ते तपासलं, आणि चित्रकलेचा समीक्षक ग्रीनबर्ग १९६० मध्ये म्हणाला की म्हणूनच कांट हा पहिला खरा आधुनिकतावादी. कादंबरीने निवेदकाला प्रश्न विचारणं, चित्राने दृष्टीलाच प्रश्न विचारणं, ही सवय तिथून आलेली आहे. भांडण आहे ते घरातल्याच माणसाचं, आणि हत्यारंही घरातलीच.

राहिलं "दोन्ही एकदम संपले". आधुनिकतावाद चळवळ म्हणून थंडावला, त्याची पुस्तकं अभ्यासक्रमात जाऊन बसली, ठीक. पण आधुनिकता? जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने १९८० मध्ये अडोर्नो पुरस्कार घेताना तिला अपुरा राहिलेला प्रकल्प म्हटलं, आणि कायदा, विज्ञान, मतदान, कचेरी यांच्यावर चालणारं जग तर तेच आहे. आणि ज्या ल्योतारच्या १९७९ च्या पुस्तकाचा दाखला पोस्टमध्ये दिलाय, त्यानेच १९८२ च्या निबंधात लिहिलंय की कुठलीही कलाकृती आधी उत्तर-आधुनिक असते तेव्हाच आधुनिक होऊ शकते, आणि उत्तर-आधुनिकता म्हणजे आधुनिकतावादाचा शेवट नसून त्याची जन्मावस्था, जी सतत चालू असते.