हीट गनने गेलेल्या रेषा परत का येतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या प्रतिक्रियेत दोन तक्रारी आहेत. मागच्या लेखात ‘लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेषा येत असतील तर फॅन साफ करा, पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला’ असं वाचून तुम्ही खर्च केलात, तरी हिरव्या-गुलाबी रेषा जशाच्या तशा राहिल्या. आणि दुकानात ग्राफिक्स चिपवर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिपवर, हीट गन (खूप गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) मारल्यावर त्याच रेषा पाच आठवडे गायब झाल्या, मग मी त्या उपायाला नावं का ठेवतो, असा तुमचा सवाल आहे.

पहिली तक्रार पूर्ण मान्य. लेखात क्रमच चुकला होता. साफसफाई आणि पेस्ट हा बिघाड टाळायचा उपाय आहे. चिपखालचा सोल्डरचा सांधा एकदा तडकला की पेस्ट बदलून तो जुळत नाही. आधी बिघाड शोधायला हवा, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून बघा. रेषा तिथेही आल्या तर ग्राफिक्स चिप, तिची मेमरी किंवा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), यांपैकी काहीतरी बिघडलंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर संशय पॅनेल (प्रत्यक्ष स्क्रीनचा भाग) आणि केबलकडे जातो. तेव्हा झाकण सावकाश पुढेमागे करा. बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल खराब असेल तर रेषा हलतात, जातात, परत येतात. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (विंडोज चालू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात) शिरल्यावरही रेषा असतील तर ड्रायव्हरचा दोष नाही. बाहेरचा मॉनिटर जोडून बघा असं सगळेच सांगतात, पण दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये ही चाचणी फसवू शकते. बऱ्याच मॉडेलमध्ये आतली स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते आणि बाहेरच्या मॉनिटरचं एचडीएमआय सॉकेट स्वतंत्र चिपला जोडलेलं असतं. मग मॉनिटर स्वच्छ दिसला म्हणून ‘पॅनेलच गेलं’ असा निष्कर्ष काढून लोक नवं पॅनेल घेऊन बसतात.

आता हीट गन. ग्राफिक्स चिपखाली सांध्यांचे दोन थर असतात. खालचे मोठे सोल्डरचे गोळे चिपला मदरबोर्डशी जोडतात. त्यांच्या वर, चिपच्या पोटात, सिलिकॉन आणि त्याखालची छोटी हिरवी पाटी यांच्यामध्ये सोल्डरचे फार बारीक ठिपके, म्हणजे बंप असतात. सिलिकॉन उष्णतेने जेवढं प्रसरण पावतं, त्याच्या साधारण पाचपट ती पाटी पावते. लॅपटॉप तापला, थंड झाला, पुन्हा तापला, की प्रत्येक वेळी ही ओढाताण त्या बंपवर येते आणि शेवटी एखादा तडकतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या काही लॅपटॉप चिपमध्ये नेमकं हेच झालं. 2008 साली कंपनीने त्या बिघाडांच्या खर्चासाठी जवळपास 20 कोटी डॉलरची तरतूद केली. 2011 च्या काही मॅकबुक प्रोमध्येही ग्राफिक्स बिघडून चित्र विस्कटायचं, आणि 2015 मध्ये ॲपलने त्यांच्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली.

एनव्हिडियाच्या त्या बंपमध्ये शिशाचं प्रमाण जास्त होतं. तसा मिश्रधातू वितळायला 300 अंशांच्या आसपास तापमान लागतं. खालचे शिसेविरहित गोळे वितळतात 217 अंशांना. म्हणजे दुकानात चिप भाजली जाते तेव्हा तडकलेला बंप वितळून सांधला जातोच असं नाही. बहुतेकदा तो फुगून समोरच्या भागाला नुसता टेकतो आणि चित्र परत येतं. नंतर रोजचं तापणं-निवणं सुरू झालं की ती भेग पुन्हा उघडते. तुमचे पाच आठवडे ते हेच. रीबॉलिंगनेही, म्हणजे चिप काढून नवे गोळे बसवण्यानेही, फक्त खालचे गोळे बदलतात, त्यामुळे दोष बंपमध्ये असेल तर तेही पैसे वाया. खरी दुरुस्ती म्हणजे नवी चिप किंवा दुसरा बोर्ड.

तुम्ही अकोल्याचे आहात आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरता, असं लिहिलंत. खोली 25 अंशांवरून 40 वर गेली की तेवढंच काम करताना चिपही साधारण 15 अंशांनी जास्त तापते, आणि गादीमुळे तळाच्या जाळीतून हवा आत शिरत नाही. पॅनेललाही हे सोसत नाही; बहुतेक पॅनेल 50 अंशांपर्यंतच चालवायची असतात. फॅनची गरम हवा बिजागरीजवळ बाहेर निघत असेल तर ती थेट स्क्रीनच्या खालच्या कडेवर येते, जिथे बहुतेकदा बॅकलाइटची (स्क्रीनला मागून उजळवणारी) एलईडी पट्टी असते. तिथे पिवळट डाग दिसू लागले तर ते उष्णतेचेच असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या लॅपटॉपपुरतं सांगायचं तर आधी स्क्रीनशॉट बघा. त्यात रेषा असतील आणि दोन ग्राफिक्स असतील, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र चिप डिसेबल (बंद) करा. बायोसमध्ये सोय असेल तर तिथूनच करा. आतली स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असेल तर रेषा जातील. जड गेम नीट चालणार नाहीत, पण ऑफिसचं काम आणि व्हिडिओ नीट चालतील. एकच ग्राफिक्स असेल तर बोर्डाची किंमत विचारा आणि ती जुन्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीपुढे गेली तर सोडून द्या. पुन्हा हीट गन मात्र मारू देऊ नका. दर वेळी आजूबाजूची मेमरी आणि प्लास्टिकचे कनेक्टरही भाजून निघतात, आणि मग आज चांगले असलेले भागही हातचे जातात.